गोल्टझियसचा ‘पिएता’ : वस्त्राच्या घड्या पूर्ण, आता ख्रिस्ताचं शरीर

मरिया मातेच्या मांडीवरचं वस्त्र कोरून झालं. डच कोरीवकार हेंड्रिक गोल्टझियसच्या 1596च्या ‘पिएता’वरून (मृत ख्रिस्ताला मांडीवर घेतलेल्या मरियेचं चित्र) तांब्याच्या पत्र्यावर मी करत असलेल्या अभ्यासातला हा सगळ्यांत आवडता भाग. एरवी त्याची रेघ बारीक सुरू होते, मध्ये फुगते आणि पुन्हा निमुळती होते. इथे मात्र त्याने ती आवरून, त्याच्या आधीच्या पिढीतला जर्मन उस्ताद ड्यूरर याच्या वळणावर नेली आहे. त्यामुळे कोरणीवरचा दाब सारखा ठेवावा लागतो. वळण घेताना हात स्थिर आणि चामड्याच्या उशीवरचा पत्रा फिरता. लहानपणी भाजून आखडलेल्या उजव्या हाताने गोल्टझियस हे करत असे, हे प्रत्येक घडीशी आठवतं.

हे चित्र नेदरलँड्समधल्या हार्लेम शहरात झालं, याचं मला फार अप्रूप आहे. 29 मे 1578 रोजी त्याच शहरातलं सेंट बाव्हो चर्च सैनिकांनी लुटलं. पुढे ते कॅथलिकांच्या हातून गेलं. 1581 मध्ये हॉलंड प्रांतात कॅथलिक उपासनेला बंदी आली. चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं कॅल्व्हिनपंथीय प्रोटेस्टंटांना मूर्तिपूजा वाटत. वेदीवरचं मोठं चित्र लपवणं कठीण. छापील कागद मात्र प्रार्थनेच्या पुस्तकात मावतो. दक्षिणेकडच्या कॅथलिक अँटवर्प शहरात कोरलेली छोटी भक्तिचित्रं उत्तरेत येत, आणि लग्न न करता धर्मकार्याला वाहून घेतलेल्या ‘क्लोपिए’ बायका घरोघरी श्रद्धा जपत.

ड्यूररचं वळण हीसुद्धा या चित्राची ताकद होती, असं माझं मत आहे. ज्याला प्रार्थना करायची त्याने करावी. ज्याला कोरीवकामाची पारख आहे त्याने जुन्या उस्तादाशी लावलेली स्पर्धा म्हणून संग्रही ठेवावं. 1593-94ची मरियेच्या जीवनावरची सहा चित्रं त्याने बव्हेरियाच्या कॅथलिक ड्यूकला अर्पण केली. त्यातली ‘सुंता’ (बाळ ख्रिस्ताच्या सुंतेचं चित्र) ड्यूररच्या शैलीत आहे. चित्रकारांची चरित्रं लिहिणारा व्हान मान्डर 1604 मध्ये लिहितो, की तिची एक प्रत धुराने जुनाट करून, सही खोडून दाखवली, तेव्हा जाणकारांनाही ती ड्यूररचीच वाटली.

आता ख्रिस्ताची छाती आणि बरगड्या. तिथे आडव्या-उभ्या रेघांच्या चौकटींत बारीक ठिपके भरायचे आहेत. त्याआधी वस्त्राच्या कडांवर उठलेली बर (कोरताना वर आलेली धातूची धार) स्क्रेपरने काढून, भिजवलेल्या कागदावर चाचणी छाप घेईन. काळं किती दाटतंय ते पाहूनच पुढच्या रेघांची खोली ठरवता येईल.