जन्मतारखेपुरता सूर्य

कुंडली मांडायची तर जन्माची तारीख, वेळ आणि ठिकाण लागतं. त्यातली वेळ हा घरोघरी वादाचा विषय. आई म्हणते पहाट होती, मावशी म्हणते चांगलं उजाडलं होतं, आणि ज्याचा जन्म झाला त्याची साक्ष काढता येत नाही. सूर्यराशीला, म्हणजे जन्माच्या दिवशी सूर्य ज्या राशीत असतो तिला, ही भानगडच नाही. दिवस आणि महिना सांगा, रास तयार. वर्षसुद्धा कोणी विचारत नाही, त्यामुळे वय लपवणाऱ्यांचीही सोय होते.

ही सोय सूर्याच्या चालीतून आलेली आहे. लग्नरास, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, साधारण दर दोन तासांनी बदलते. चंद्र एका राशीत जेमतेम सव्वादोन दिवस टिकतो. मंगळ वक्री झाला, म्हणजे उलटा चालताना दिसू लागला, की त्याच त्या राशीत महिनोन्‌महिने घुटमळतो. सूर्य कधीच वक्री होत नाही. होणार कसा? तो राशींमधून चालताना दिसतो ती खरं तर आपल्या पृथ्वीची प्रदक्षिणा, आणि पृथ्वी काही मध्येच मागे फिरत नाही. शिवाय आपलं कॅलेंडर सूर्यावरच बेतलेलं, म्हणून दर वर्षी ठरल्या तारखेला तो जवळपास ठरल्या अंशावर सापडतो. फरक असला तर मुक्कामाच्या दिवसांत. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि वेगात धावते, त्यामुळे ताऱ्यांवरून राशी मोजणाऱ्या निरयन पंचांगातली धनू रास सुमारे साडेएकोणतीस दिवसांत उरकते. जुलैच्या आसपास पृथ्वी रेंगाळते आणि मिथुन राशीला सुमारे साडेएकतीस दिवस मिळतात. बाकी सगळं सारखं धरलं, तर जगात मिथुनेचा सूर्य असलेली माणसं थोडी जास्तच भरावीत.

वर्तमानपत्रांनी सूर्याला उचललं ते याच सोयीसाठी. ऑगस्ट १९३० मध्ये ब्रिटिश राजघराण्यात मार्गारेटचा जन्म झाला, तेव्हा ‘संडे एक्सप्रेस’ने आर. एच. नेलर या ज्योतिषाकडून तिचं भविष्य लिहून घेतलं. वाचकांना ते आवडलं. नेलरना आणखी लिहायला सांगण्यात आलं, ऑक्टोबरात ब्रिटिश विमानांना धोका आहे असं त्यांनी लिहिलं, आणि त्याच महिन्याच्या ५ तारखेला आर-१०१ हे ब्रिटिश हवाईजहाज फ्रान्समध्ये कोसळलं. मग काय विचारता! पण लाखो वाचकांच्या पत्रिका एक माणूस किती मांडणार? पुढच्या काही वर्षांत तोडगा निघाला तो असा, की सगळ्यांना सूर्यावरून बारा गटांत वाटून टाकायचं. आज जगाची लोकसंख्या आठ अब्जांच्या वर आहे. म्हणजे ‘आज प्रवास टाळा’ ही एक ओळ सहासष्ट कोटींहून जास्त माणसांना एकदम लागू. तेवढी खरोखर घरी बसली, तर उरलेल्या अकरा राशींचा प्रवास सुखाचा होईल हे भाकीत मीही करू शकते.

गंमत अशी, की सोय म्हणून निवडलेला हा ग्रह शास्त्रात मात्र भलताच वजनदार आहे. ग्रहांचा राजा तो. आत्म्याचा कारक, वडिलांचा कारक, अधिकार, मानमरातब, हाडं, डोळे हे सगळं त्याच्याकडे. पाश्चात्त्य ज्योतिषातही तो माणसाचा ‘मी’ दाखवतो. दशमस्थानी, म्हणजे पत्रिकेच्या दहाव्या घरात, त्याला दिग्बल (दिशेचं बळ) मिळतं, आणि भर दुपारी जन्मलेल्याच्या पत्रिकेत तो तिथेच कुठेतरी असतो. सूर्योदयाला जन्मलेल्याचा सूर्य लग्नी, मध्यरात्रीच्या जन्माचा चतुर्थाच्या आसपास. म्हणूनच जाणकार समोर आलेल्या पत्रिकेत आधी सूर्य कुठे बसलाय ते बघतात. जन्मवेळ दुपारची आणि सूर्य चौथ्यात, म्हणजे मांडणाऱ्याने कुठेतरी घोटाळा केलाय.

पण या राजाच्या सहवासात कोणाचंच भलं होत नाही. जो ग्रह फार जवळ येतो तो अस्तंगत होतो, त्याचं बळ जातं. चंद्र जवळ आला की अमावास्या. अरबी परंपरेत एक पळवाट आहे: ग्रह सूर्याच्या अगदी केंद्रापाशी, १७ कलांच्या (६० कलांचा एक अंश) आत पोचला, तर तो जळत नाही, उलट बलवान होतो. दरबारात असंच असतं म्हणा. दाराशी उभ्या असलेल्याला झळ लागते, कानाशी लागलेला तरतो. बुध बिचारा सूर्यापासून २८ अंशांपलीकडे कधी दिसतच नाही, त्यामुळे दोघं एका राशीत येणं ही नेहमीचीच गोष्ट. त्यालाच बुधादित्य योग म्हणतात. तुमच्या पत्रिकेत तो आहे असं कोणी डोळे मोठे करून सांगितलं, तर फार हुरळून जाऊ नका.

आणि घरचं दुखणं म्हणजे शनी. छायेचा हा मुलगा आणि सूर्य यांचं वैर पुराणातलं, पण ज्योतिषाने ते अंशांत बसवलं. मेषेत सूर्य उच्चीचा, म्हणजे सर्वांत बलवान, तिथे शनी नीचीचा, म्हणजे सर्वांत दुबळा. तुळेत शनी उच्चीचा, तिथे सूर्य नीचीचा. बाप जिथे ताठ उभा राहतो तिथे मुलाची मान खाली, आणि मुलगा नावारूपाला येतो तिथे बाप केविलवाणा. हे ज्याने कोणी ठरवलं त्याला एकत्र कुटुंबाचा चांगला अनुभव असणार.

याचं एक साधं कारणही सांगितलं गेलंय. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून टॉलेमीने लिहिलं, की मेषेपासून दिवस रात्रीपेक्षा मोठा होऊ लागतो म्हणून तिथे सूर्य उच्चीचा, आणि तुळेपासून तो लहान होतो म्हणून तिथे नीचीचा. पटण्यासारखं आहे, पण उत्तर गोलार्धात राहणाऱ्यालाच. दक्षिणेकडे मेषेच्या सूर्यापासून दिवस रात्रीपेक्षा लहान होऊ लागतो. तिथे जन्मलेल्याने हा उच्चीचा सूर्य कुठल्या तोंडाने मिरवावा, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

शिवाय टॉलेमीची मेष वसंतसंपाताला, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हाच्या सूर्याच्या जागेला, बांधलेली, आपली निरयन मेष ताऱ्यांना. संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. चित्रा ताऱ्यावरून मोजणारा चित्रापक्ष मानला तर इसवी सन २८५ च्या सुमारास दोन्ही मेषा एका जागी होत्या, आता त्यांच्यात २४ अंशांचं अंतर पडलंय. याचा फटका मला थेट बसलाय. माझा जन्म ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातला. सायन, म्हणजे संपातावरून मोजायच्या, पद्धतीने माझा सूर्य सिंहेत, म्हणजे स्वतःच्या घरात, सिंहासनावर. निरयन पद्धतीने तो कर्केत, चंद्राकडे पाहुणा. चंद्र त्याचा मित्र आहे, आदरातिथ्यात कमी पडणार नाही, पण शेवटी ते दुसऱ्याचं घर. एकीकडे मी बाणेदार आणि उदार, दुसरीकडे हळवी आणि घरकोंबडी. घरच्यांना विचारलं तर ते तिसरंच काहीतरी सांगतील. १७ ते २२ ऑगस्टच्या दरम्यान जन्मलेल्यांचा मला हेवा वाटतो. ते दोन्हीकडे सिंहच.

एवढं सगळं झाल्यावर आपली रास निदान डोळ्यांनी बघावी म्हटलं, तर वाढदिवसाला ती दिसत नाही. सूर्य ज्या ताऱ्यांपाशी असतो ते त्याच्याबरोबरच उगवतात आणि मावळतात, दिवसभर त्याच्या उजेडात बुडालेले. ज्या राशीला तो आपलं नाव जोडून देतो, नेमकी तीच झाकून टाकतो. त्यासाठी सहा महिने थांबावं लागतं. फेब्रुवारीत रात्री नऊ-दहाच्या सुमाराला कर्क आणि सिंह शेजारी शेजारी वर आलेल्या असतात. कर्केत ठळक असा एकही तारा नाही. अंधाऱ्या जागी जाऊन डोळे ताणले तर पुष्य नक्षत्राचा अंधुक पुंजका तेवढा लागतो. सिंहेत मात्र मघा अशी चमकते, की शहराच्या दिव्यांतही चुकत नाही. निरयन पंचांगावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण फेब्रुवारीत गच्चीवर कोणाला माझी रास दाखवायची वेळ आली, की मी बेधडक मघेकडे बोट करते.