शेवट्याला वेसण

मंडळी, अखेर शिंगाळा (मिशावाला, काटेरी मासा) गळाला लागला! गेल्या चार खेपांचं माझं रडगाणं तुम्हाला पाठ झालंय: रॉड वाकतो, रील किरकिरतं, आणि ओढून बघावं तर शेवटो (आमिषाला लावलेला जिवंत छोटा मासा) अर्धा चघळलेला, गळ रिकामा.

शनिवारी कोलवाळ पुलाजवळ, पेडण्याच्या काठावर बसलो होतो. सुकती (ओहोटी) लागून तास झाला असेल. मासा अंदाजे दीड किलोचा आणि सर्कल हुक (गोलाकार गळ) बरोब्बर जबड्याच्या कोपऱ्यात. त्याचे करवतीसारखे काटे विषारी, म्हणून फडक्यात धरून पकडीनेच गळ सोडवला.

आता मुद्द्याचं. मी आधी दोष गळांना दिला. म्हापशाच्या एका दुकानातून आणलेल्या पाकिटातले निम्मे गळ बोथट निघाले, हे खरंच. पण दुसरे, चांगले 5/0 मापाचे गळ आणले तरी तेच. मासा ओढू लागल्यावर रॉडला झटका देणं मी केव्हाच सोडलंय, नुसतं रील फिरवतो. मग शिसं (दोरीला लावायचं वजन) बदललं, लीडर (गळाला बांधलेला दोरीचा शेवटचा तुकडा) आखूड केला. काही उपयोग नाही.

गोम होती गळ टोचण्यात. मी तो पाठीत, वरच्या पराखाली घालायचो. ओढीत शेवटो आडवा होतो, गरगर फिरतो, लीडरला पीळ पडतो आणि दहा मिनिटांत जीव सोडतो. त्याहून वाईट म्हणजे सर्कल हुकचं टोक आत वळलेलं असतं. टोक आणि दांडी यांमधली फट शेवट्याच्याच मांसाने भरली, तर शिंगाळ्याच्या जबड्यात रुतायला उरतं काय?

सत्तरी तालुक्यात मामांकडे बैलाला वेसण घालताना बघितलं आणि डोक्यात लख्ख पडलं. लेकीच्या वेणीचा बारीक रबर घेतला, गोधडीच्या सुईने शेवट्याच्या नाकपुड्यांतून आरपार ओवला. दोन्ही टोकांचे फास गळात अडकवले, गळाला चार-पाच पीळ दिले आणि टोक त्या पिळाखालून काढलं. गळ डोक्यावर मोकळा, फट पूर्ण रिकामी. शेवटो तोंड ओढीकडे करून पोहत राहिला. पहिला तर चाळीस मिनिटं जिवंत होता! बादलीतला बॅटरीचा पंप मात्र चालू हवा. दमलेल्या शेवट्याला कितीही चांगली वेसण घाला, तो तळाशीच बसतो.

खेकड्यांचा त्रास आहेच. लीडरवर, गळापासून वीतभर अंतरावर बुचाचा तुकडा ओवला, तेव्हा शेवटो तळापासून जरा वर राहिला आणि कुरतडणं थांबलं.

पुढच्या खेपेला जिवंत सुंगटं (कोळंबी) लावायचा बेत होता. पण लिहिता लिहिता सुचलं, रबर दुसऱ्या वापरातच तुटतोय, तर चांभाराचा मेणदोरा का नको? ताणत नाही, म्हणून फास नेमका मापाचा लागेल. सुंगटं राहू देत. अष्टमीला भांग (भरती-ओहोटी सर्वांत कमी), ओढ मंद असेल, तेव्हा शिसंही 30 ग्रॅमवरून 15 वर आणतो. आज रात्री वीस वेसणी करायला बसतोय.