पोल्डर तिकडचा आणि पोल्डर इकडचा

आमचं गाव अलिबागच्या खारेपाटातलं, त्यामुळे समुद्राचा बांध फुटला की काय होतं ते लहानपणापासून बघितलंय. बांधाला खांड गेली की एका भरतीत शेतात खारं पाणी, आणि पुढची काही वर्षं भाताचं नाव काढायचं नाही. म्हणूनच बहुतेक, नेदरलँड्स आणि बांगलादेश या दोन देशांबद्दल जे मिळेल ते वाचत सुटलेय.

दोन्ही देश नद्यांच्या गाळावर वसलेले. नेदरलँड्सची साधारण २६ टक्के जमीन समुद्रसपाटीच्या खाली, रॉटरडॅमजवळ एक जागा तर पावणेसात मीटर खाली. बांगलादेशचा किनारा सखल आहे पण बराचसा समुद्रसपाटीच्या थोडा वरच. मग जास्त धोका डच लोकांना हवा ना? पण १९५३ च्या वादळात तिथे १८३६ माणसं गेली आणि त्यानंतर त्यांनी पुढची चाळीसेक वर्षं पैसा ओतून समुद्राला दारं बसवली. १९७० च्या भोला चक्रीवादळात बांगलादेशच्या किनाऱ्यावर किमान ३ लाख माणसं गेली, आणि तिथे तेवढा पैसा कुठून येणार होता?

मला सगळ्यात जास्त अडकवून ठेवलं ते पोल्डर या शब्दाने. शब्द डच, म्हणजे बांध घालून पाण्यापासून राखलेली जमीन. १९६० च्या दशकात हीच कल्पना बांगलादेशात गेली, आज किनाऱ्यावर १३९ पोल्डर आहेत. पण तिथली भरती दिवसातून दोनदा गाळ आणून टाकते आणि त्यावरच ती जमीन उंच राहते, बांधाने पाणी अडवलं तसा गाळही अडला. ३२ नंबरचा पोल्डर शेजारच्या सुंदरबनपेक्षा मीटर-दीड मीटर खाली गेलाय! २००९ मध्ये आयला वादळात त्याचे बांध फुटले आणि जवळजवळ दोन वर्षं भरतीचं पाणी आत-बाहेर करत राहिलं, लोक बांधावरच झोपड्या घालून राहिले. डच पोल्डरही खचतात, पण तिथे पंप चालू असतात आणि बांध बघायला २१ पाणी-मंडळं आहेत, त्यांचा कर वेगळा, निवडणूक वेगळी.

तरी "बिचारा बांगलादेश" म्हणणं मला पटत नाही. तिथे वादळाची खबर घरोघर पोचवणारे ७० हजारांहून जास्त स्वयंसेवक आहेत, २०२० च्या अम्फानच्या वेळी २० लाखांवर लोक आधीच हलवले, आणि मृतांचा आकडा दोन अंकीच राहिला. हे त्यांनी स्वतः कमावलंय. आणि एक डच माणूस वर्षाला बांगलादेशी माणसाच्या साधारण दहापट कार्बन हवेत सोडतो, हे वाचल्यावर राग येतोच.

गंमत म्हणजे आता दोघंही पाणी आत घ्यायला लागलेत. जेसोर-खुलना भागात १९९७ मध्ये लोकांनीच एका बिलाचा, म्हणजे सखल पाणथळ शेतीचा, बांध कापला, भरतीने गाळ आणला आणि जमीन वर आली. नंतर सरकारनेही ही पद्धत उचलली. नेदरलँड्सनेही नद्यांना जागा द्यायची म्हणून नॉर्डवार्ड नावाचा पोल्डर पाण्यासाठी मोकळा केला. फरक एवढाच की नॉर्डवार्डच्या शेतकऱ्यांना आधी मोबदला मिळाला, आणि तिकडे तीन-चार वर्षं शेत पाण्याखाली देणारे शेतकरी भरपाईसाठी हेलपाटे घालत राहिले.