साडेचारशे मीटरचा डोंगर

कॅटबेल्स किती उंच, असं लेकीला विचारलं तर म्हणाली, "४५१ मीटर." मला हसूच आलं. आमचं पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर. म्हणजे सकाळी चहा घेत पेपर वाचत असतो तेव्हाही मी या डोंगराच्या माथ्यापेक्षा शंभरेक मीटर वर असतो. "बाबा, चढून झाल्यावर बोल," ती म्हणाली.

ती मँचेस्टरला असते. तिथून मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही उत्तरेला लेक डिस्ट्रिक्टमध्ये गेलो. या अख्ख्या मुलखात नावात 'लेक' असलेलं तळं एकच, बॅसेंथवेट. बाकीची सगळी 'वॉटर' नाहीतर 'मिअर'. (माझ्या घरीही लेक एकच, हे मी तिला सांगितलं. तिने ऐकू न आल्यासारखं केलं.) डोंगराला इथे 'फेल' म्हणतात, जुन्या नॉर्स भाषेतून आलेला शब्द. चढाईला निघताना कानाला जरा अशुभच वाटतो.

केझिकहून लाँचने डर्वेंटवॉटर ओलांडून हॉज एंडच्या धक्क्यावर उतरलो. पुण्याचा हिशेब तिथेच कोसळला. तळंच मुळी समुद्रापासून जेमतेम ७५ मीटरवर, त्यामुळे ४५१ मधले पावणेचारशे मीटर खरेखुरे चढायचे होते. गाडी निम्म्यात नेऊन सोडते, तशी सोय नाही.

वाट गवताळ सोंडेवरून जाते. खाली शेतांभोवती दगडावर दगड रचलेल्या भिंती, ना चुना ना सिमेंट. थेट कोकणातले गडगे! वर मात्र भिंत नाही, कुंपण नाही, तरी हर्डविक मेंढ्या आपापला डोंगर सोडून जात नाहीत. आपली हद्द कुठवर, हे आईमागे चरताना कोकराला कळतं म्हणे. कोकरं काळीकुट्ट होती आणि आया राखाडी. वय वाढेल तशी लोकर फिकी होत जाते. माझ्या डोक्याकडे बघत लेक काही बोलली नाही, हे तिचे उपकार.

तेवढ्यात पाऊस आला. इथून दक्षिणेला थोड्याच अंतरावर सीथवेट नावाचं खेडं आहे, तिथे वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पडतो. आपल्या घाटात एवढा पाऊस चार महिन्यांत उरकतो. इथे तो बारा महिने पुरवून पुरवून वापरतात. छत्री वाऱ्याने उलटी केली, ती मी घडी करून गुपचूप सॅकमध्ये टाकली.

माथ्याच्या अलीकडे शेवटचा टप्पा कातळाचा. हजारो बुटांनी घासून दगड देवळाच्या उंबऱ्यासारखा गुळगुळीत झालेला, त्यात ओला. तिथे मी पुण्याची उंची विसरलो. एका खोबणीत डावा हात, दुसरीत उजव्या पायाचा चवडा, पोट कातळाला टेकलेलं, आणि मागून सात-आठ वर्षांचा एक पोरगा "एक्सक्यूज मी" म्हणतोय. दिला रस्ता.

वर पाच मिनिटं ढग फाटले. खाली डर्वेंटवॉटर, त्यातली झाडीने गच्च भरलेली बेटं, पलीकडे ९३१ मीटरचा स्किडॉ. लेकीने केंडल मिंट केक काढला. १९५३ साली एव्हरेस्टवर गेलेला म्हणून मोठा मान, प्रत्यक्षात साखर आणि पुदिन्याची वडी. टूथपेस्ट खाल्ल्यासारखं वाटलं. मी माझी शेंगदाण्याची चिक्की काढली. तीही तिनेच संपवली.

उतरताना दगडी पायऱ्यांवर गुडघे बोलू लागले. लेकीने इथल्या मेंढपाळांची जुनी मोजणी शिकवली: यान, त्यान, टेथेरा, मेथेरा, पिंप. 'पिंप' म्हणजे पाच. दूरच्या नात्याने तो आपल्या 'पंच'चाच भाऊबंद, पण माझ्या डोळ्यांसमोर मोरीतलं पाण्याचं पिंपच यायचं. मग दर पाचव्या पायरीला हसण्यासाठी थांबावं लागायचं. निदान लेकीला तरी मी तसंच सांगत होतो.