सिंदीदिगरला जायचं असेल तर आधी हे वाचा

सिंदीदिगर हे नंदुरबार जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या डोंगरातलं गाव. शहाद्याच्या स्टँडवर कुणी "सिंदीदिगर ना? तोरणमाळच्या खालीच आहे, गाडी थेट जाते" म्हणालं, तर दोन्ही गोष्टी तिथेच सोडून द्या. तोरणमाळ हे थंड हवेचं ठिकाण सुमारे १,१५० मीटरवर आहे. तिथून 'खाली' म्हणजे किती खाली, हे संध्याकाळी गुडघे सांगतात.

शहादा, म्हसावद, राणीपूर, सातपायरीचा घाट, तोरणमाळ. इथवर काही अडचण नाही. यशवंत तलाव, सीताखाईची दरी बघून घ्या, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. खरी गोष्ट त्यापुढची आहे.

गाडीवाल्याने 'गावापर्यंत' म्हणून ३,००० रुपये ठरवले आणि घाटाच्या माथ्यावर ब्रेक दाबून "पुढं गाडी उतरत नाही" म्हणाला. पैसे पुरे घेतले. त्याच रस्त्याने गावचे लोक १०० रुपये सीटने येतात, हे खाली पोचल्यावर कळलं. मला अजून राग आहे, कारण रस्ता कुठे संपतो हे त्याला सकाळीच माहीत होतं. तेव्हा भाडं ठरवताना गावाचं नाव पुरेसं नाही. कोणत्या पाड्यापर्यंत, गाडी परतीला थांबणार की नाही, हे दोघातिघांसमोर बोलून घ्या आणि अर्धे पैसे उतरल्यावर द्या. स्वस्त पडतं म्हणून टपावर माणसं बसवलेल्या पिकअपमध्ये मात्र चढू नका. २०२१ मध्ये याच डोंगरातल्या घाटांत अशा गाड्या दरीत कोसळून माणसं गेली आहेत. गाववाल्यांना दुसरा इलाज नसतो, तुम्हाला आहे.

आता उतार. गाडीरस्ता सोडून लोक ज्या पायवाटेने उतरतात, तिच्या मधल्या टप्प्यात निव्वळ घसारा आहे. मुरूम, वर सुटे दगड, धरायला झाड नाही, डाव्या हाताला दरी. पाय टेकला की दगड निघतो. माझ्या सोबत्याचे बूट चांगले होते, तरी तो दोनदा बसला. काठी हवीच. पाणी माणशी तीन लिटर, कारण मध्ये कुठे भरायची सोय दिसली नाही. ट्रेकिंगची सवय नसलेल्यांनी ही वाट घेऊ नये, मुलांना तर आणूच नये. पावसाळ्यात कुणीच नको. उतरताना जेवढा वेळ लागतो, चढताना त्याच्या दुप्पट धरा आणि दुपारी दोननंतर वर यायला निघू नका.

याच चढावर आम्हाला चौघं जण भेटले. बांबूला बांधलेल्या झोळीत एक बाई होती, तापाने फणफणलेली. ते आमच्यापेक्षा भराभर वर गेले. त्यानंतर माझी दमल्याची भाषा बंद झाली.

आणि गाव. नकाशावर एक टिंब दिसतं म्हणून चौक, पार, दुकानं शोधत जाल तर फसाल. इथे गाव म्हणजे डोंगरउतारांवर विखुरलेले पाडे. एका पाड्यातून दुसरा समोर दिसतो, पण मध्ये ओढा उतरून परत चढावा लागतो. वस्ती पावरा आदिवासींची, बोली पावरी. आमची अहिराणी इथे चालली नाही. शाळेत जाणारी पोरं मराठी बोलतात, त्यांनाच विचारा.

आम्ही डिसेंबरात गेलो आणि निम्मी घरं कुडाचं दार ओढून बंद. म्हातारी माणसं, थोडी पोरं, कोंबड्या. बाकीचं गाव गुजरातेत, ऊसतोडीला आणि शेतांवर मजुरीला. दिवाळीनंतर जातात, होळीला येतात. इंटरनेटवर गावाची लोकसंख्या म्हणून जो आकडा सापडतो तो २०११ च्या जनगणनेचा, आणि ती मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीत. त्या साली होळी होती मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे माणसं बाहेर असतानाच शिरगणती झाली. रेशन, शिक्षक, आरोग्यसेवक यांचा हिशेब लोकसंख्येवरच मांडला जातो, म्हणून ही बाब मला साधी वाटत नाही. पुढची मोजणी २०२७ च्या फेब्रुवारीत आहे, तोही स्थलांतराचाच महिना. पाड्यापाड्यांवर ज्यांचं येणं-जाणं आहे त्यांनी हे आत्तापासून तहसीलला सांगायला हवं.

गाव भरलेलं बघायचं असेल तर होळीच्या आधी भोंगऱ्याचे, म्हणजे आदिवासींचे सणाचे बाजार भरतात तेव्हा या. ऊन कडक असतं, पण माणसं घरी असतात. जेवणाचं हॉटेल नाही. आम्हाला एका आजींनी ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली, पैशाला हात लावला नाही. म्हणून तेल, साखर, चहापत्ती, मीठ वरूनच घेऊन जा आणि ज्या घरी बसाल तिथे द्या. पोरांना चॉकलेटं वाटत फिरू नका. फोटो विचारून काढा. मुक्काम तोरणमाळलाच ठेवा, पाड्यावर राहायचंच झालं तर आधी पोलीस पाटलांना भेटा. मोबाईलला रेंज नव्हती, ऑनलाइन पैसे विसरा. दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा शहाद्यातच करून घ्या.