ठाणे ते स्टुटगार्ट, मार्गे कागदपत्रं

दादाकडे जर्मनीत स्टुटगार्टला जायचं नक्की झालं तेव्हा आईने चिवडा, भाजणी, मेतकूट अशी यादी केली आणि मी कागदपत्रांची. तिची यादी आधी संपली. त्यातलं साजूक तूप तेवढं बाद झालं, कारण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत.

मे २०२५ मधला हा प्रवास. त्यातला निम्मा नौपाडा आणि वागळे इस्टेटमध्येच झाला, म्हणून आधी त्याबद्दल.

युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असलेल्या शेंगेन व्हिसासाठी पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला लागतो, परतीच्या तारखेनंतर निदान ३ महिने मुदत शिल्लक लागते आणि २ पानं कोरी लागतात. आईच्या पासपोर्टची मुदत संपतच आली होती. वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात काम सुरळीत झालं. पडताळणीला घरी आलेल्या हवालदारांनी चहा घेतला नाही, एवढंच काय ते आईला लागलं.

मग सल्ले सुरू झाले. तलावपाळीला फिरायला येणाऱ्या तिच्या एका मैत्रिणीने सांगितलं, "फ्रान्सचा काढ गं, पटकन मिळतो. एकदा आत शिरलं की कोण विचारतंय!" असं सांगणारे सगळीकडे भेटतात आणि ठामपणे सांगतात. शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत आणि एकाचा व्हिसा बाकीच्यांतही चालतो, हे खरं. पण अर्ज करायचा तो मुक्काम जिथे सर्वांत जास्त, त्या देशाकडे. दिवस सारखेच असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार, त्याच्याकडे. मुलाकडे जर्मनीत राहायचं आणि अर्जात पॅरिसचं हॉटेल दाखवायचं, हे खोटं बोलणं झालं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला त्यासाठी विमानतळावर उलटतपासणीला उभं करायची माझी तयारी नव्हती.

जर्मनीत बोलावणाऱ्याला तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन एक हमीपत्र करून देता येतं. पगाराच्या पावत्या, भाड्याचा करार वगैरे दाखवायचा, २९ युरो भरायचे. पाहुणा आजारी पडला किंवा मुदत उलटूनही राहिला आणि सरकारला खर्च आला, तर तो मी भरीन, असं त्यात लिहून द्यावं लागतं. आईला हे समजावून सांगितलं आणि ती भडकलीच. "माझ्या नावावर पोराकडून कर्जरोखा लिहून घेतलात?" दोन दिवस फोनवर दादाशी धड बोलली नाही.

त्या पत्रात आणखी एक घोळ निघाला. आपल्याकडे पासपोर्टवर बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव येतं, मग आडनाव. दादाने मधलं नाव गाळलं होतं. आईच्या मते, "बाबांचं नाव गाळलंस?" हाच मोठा अपराध. मला चिंता होती ती पासपोर्ट आणि पत्र जुळण्याची. पत्र बदलून आणलं.

खरी परीक्षा पुढेच होती. पर्यटकाच्या व्हिसात अधिकारी सगळ्यात बारकाईने बघतो ते हे की माणूस परत जाईल का. मुलगा तिकडे स्थायिक, नवरा हयात नाही, अशा आईबद्दल त्याला शंका येणं मला अगदीच चुकीचं वाटत नाही. म्हणून पेन्शनचे कागद, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि बँकेच्या शिक्क्यासह ३ महिन्यांचं स्टेटमेंट जोडलं. (बँकेतल्या मुलीचं म्हणणं, ऑनलाइन काढा की. शिक्का हवा म्हटल्यावर तिने साहेबांकडे पाठवलं आणि साहेब जेवायला गेले होते.) अर्जासोबतचं पत्र मी लिहीत होते तेव्हा आईने मजकूर सुचवला: "श्रावणात मधूच्या मुलीची मंगळागौर आहे, यावंच लागणार, असं लिही." मी पेन्शनचं लिहिलं.

प्रवास विमाही लागतो, किमान ३०,००० युरोंचा, म्हणजे आपल्या तीसेक लाखांचा. फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो. ज्येष्ठांना सवलत नाही आणि व्हिसा नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत.

मुंबईच्या व्हिसा केंद्रात दहाही बोटांचे ठसे घेतात. आयुष्यभर भांडी घासून आईच्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. आधारच्या वेळीही हेच झालं होतं. तिथल्या मुलाने शांतपणे पुन्हा पुन्हा बोटं ठेवायला लावली आणि जमवलं. हे ठसे ५९ महिने चालतात, त्यामुळे पुढच्या अर्जाला बहुधा ते पुन्हा द्यावे लागत नाहीत.

व्हिसा आला की स्टिकर नीट वाचावा. त्यावरच्या दोन तारखा म्हणजे मुक्काम नव्हे. मुक्कामाच्या दिवसांचा आकडा वेगळा छापलेला असतो आणि पाळायचा तो. आईच्या स्टिकरवर प्रवेशाच्या रकान्यात ०१ होतं, म्हणजे एकदाच आत. मध्येच लंडनला जाऊन परत जर्मनीत शिरता आलं नसतं. स्वित्झर्लंड मात्र युरोपीय संघात नसूनही शेंगेनमध्ये आहे.

फ्रँकफर्टला अधिकाऱ्याने विचारलं, कुठे राहणार? "सन्स हाउस," आई म्हणाली आणि न मागता अख्खी फाइल पुढे सरकवली. त्याने परतीचं तिकीट तेवढं पाहिलं.

दादाने आम्हाला स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउसनजीकच्या ऱ्हाइन धबधब्यावर नेलं. १५० मीटर रुंद आणि २३ मीटर उंच, कानठळ्या बसवणारा. होडी थेट पाण्यातल्या खडकापाशी जाते. आई भिजली, खूश झाली आणि म्हणाली, "पावसाळ्यात रंधा बघ." उंचीत आपला भंडारदऱ्याचा रंधाच पुढे, हे मान्य करावं लागलं. येताना सीमेजवळच्या झिंगेनला गाडीत जर्मन पोलीस चढले. शेंगेनच्या आतल्या सीमांवरही जर्मनीने सध्या तपासणी ठेवली आहे, त्यामुळे एका दिवसाच्या सहलीलाही मूळ पासपोर्ट जवळ हवाच. दादा म्हणाला होता झेरॉक्स पुरेल. आईने मात्र मूळ पासपोर्ट पदराआडच्या बटव्यातून काढून दाखवला.

आमच्या वेळी शिक्के मारत होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी सीमेवर चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली आहे. आत किती दिवस काढले ते संगणकच मोजतो, तेव्हा कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहण्याचा हिशेब आता अंदाजाने करू नये.

एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी एक सोय झाली आहे. ३ वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नियमाने वापरले, तर पुढचा २ वर्षांचा, कितीही वेळा जाण्यायेण्याचा मिळू शकतो. आईचा एक झाला. दुसऱ्याचा अर्ज डिसेंबरात टाकायचा विचार आहे. प्रवासाच्या ६ महिन्यांहून आधी तो घेतच नाहीत.