तुम्ही विचारलंत म्हणून: गुडघा दुखतो, तरी चालते कशाला?

"एवढं दुखतंय तर चालता कशाला? उरलीसुरली गादीही झिजवून बसाल." काळजीपोटीच विचारता, हे कळतं मला. पण दर वेळी "बघू" म्हणून विषय टाळायचा कंटाळा आलाय. आज सांगूनच टाकते.

हा प्रश्न आधी मीच मला विचारला होता. एक्स-रेमध्ये झीज निघाली, ग्रेड ३, म्हणजे चारपैकी तिसरी पायरी. झीज म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर चपलेचा तळ आला. जितकी वापराल तितकी झिजणार. मग वापरायचंच नाही. आठ महिने मी फिरायला गेले नाही, जिन्याला पाय लावला नाही. सुरुवातीला दुखणं कमीही झालं, त्यामुळे आपलंच बरोबर, असं ठामपणे वाटायचं.

एका संध्याकाळी लिफ्ट बंद होती. कठडा धरून उतरत होते आणि मधल्याच पायरीवर उजवा गुडघा सुटला. दुखला नाही, सुटला. पायात काही नाहीच, असं एक क्षण वाटलं. कठडा हातात होता म्हणून पडले नाही, धपकन बसले. उठायला गेले तर पाय वजनच घेईना. खाली चार पायऱ्या, वर सात. फोन घरात. जिन्यातला दिवा थोड्या वेळाने आपोआप विझायचा, हात हलवला की लागायचा. मी हात हलवला नाही. या अवस्थेत कुणी बघू नये, एवढंच डोक्यात होतं. किती वेळ गेला माहीत नाही. खालच्या मजल्यावरचा शाळकरी मुलगा वर आला, दिवा लागला. "आजी, पडलात का?" "नाही रे, जरा बसलेय." तो दोन पायऱ्या वर गेला, परत फिरला आणि काही न बोलता शेजारी बसला. मग मी बसल्या बसल्याच एकेक पायरी सरकत उतरले, तोही माझ्याबरोबर सरकत उतरला.

पुढच्या आठवड्यात फिजिओथेरपिस्ट बाईंनी टेपने माझ्या दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी अडीच सेंटीमीटरने बारीक. गुडघ्याला सांभाळून धरतो तो मांडीचा पुढचा स्नायू, आणि तोच मी आठ महिने बसून घालवला होता. चपलेचं चित्रही चुकीचं होतं. गुडघ्यातल्या गादीत रक्तवाहिन्या नसतात. भार पडला, उतरला, की स्पंजासारखी ती सांध्यातलं पाणी शोषते, तेच तिचं पोषण. मी गुडघा जपत नव्हते, उपाशी ठेवत होते.

म्हणून चालते. त्याआधी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठते-बसते. काठी डाव्या हातात, कारण दुखरा पाय उजवा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. चालताना थोडं दुखलं तर चालू देते. दुसऱ्या सकाळीही वाढलेलंच असेल तर त्या दिवशी कमी चालते. गेलेली गादी याने परत येत नाही, आणि तसं मी कधी म्हटलेलंही नाही.

"दुर्बिणीतून साफ करून घ्या", म्हणजे छोट्या छेदातून दुर्बीण घालून गुडघा आतून साफ करायचं ऑपरेशन करा, म्हणणाऱ्यांनाही सांगते. २००२ साली अमेरिकेत १८० रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काहींना नुसता वरवरचा छेद दिला होता, आत काहीच केलं नव्हतं. दोन वर्षांनी दुर्बिणीवाले त्यांच्यापेक्षा काही बरे नव्हते. सांधा बदलणं वेगळं, त्याने पुष्कळांचं दुखणं खरंच जातं. त्याला मी घाबरते का? हो, घाबरते. चालण्याच्या आड ती भीती लपवते का, हेही कधीकधी वाटतं. वजन चार किलो उतरवलं होतं. किलोमागे दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी हलका होतो, हे पाठ असूनही दोन किलो परत आलंय.

आणि ती आठ महिने बसलेली मी? तिला कुणी सांगितलंच नव्हतं, असं बरेच दिवस म्हणत आले. परवा एक्स-रेचं पाकीट उघडलं. आत व्यायामांचा कागद होता, पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी दिलेला. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तिच्यावर चिडावं म्हटलं, तर तेव्हा तिचं किती दुखत होतं तेही आठवतं.